कयाकिंग आणि खांदा: दुखापतीपासून पुन्हा पाण्यात उतरेपर्यंत

इंदुरात राहून कयाकिंग (अरुंद बोटीत बसून दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने वल्हवणं) करायचं म्हणजे रविवारी पहाटे उठून महेश्वर गाठायचं, नाहीतर भोपाळचा मोठा तलाव. २०२३ च्या सुरुवातीला खेलो इंडिया युवा स्पर्धांमधली कनू स्लॅलम (धारेत टांगलेल्या फाटकांमधून बोट नेण्याची शर्यत) महेश्वरच्या सहस्रधारेत झाली, तेव्हापासून मला या खेळाबद्दल विचारणारे वाढले आहेत. कॉलेजातली मुलंमुली विचारतात, चाळिशी ओलांडलेले काका-मावशीही विचारतात. पण खांदा दुखावला की यातल्या प्रत्येकाला तीन सल्ले तीन दिशांनी मिळतात. घरचे म्हणतात शेकून काढ, शेजारचे म्हणतात पहिलवानाकडे ने, ऑफिसातला कुणी म्हणतो आधी एमआरआय करून टाक.

मी निखळलेला खांदा घेऊन या सगळ्या वाटेने गेलो आहे आणि आता पुन्हा वल्हवतो. म्हणून क्रमाने लिहितो आहे. तपासणी आणि निदान डॉक्टरांचंच. त्यांच्यापर्यंत नीट पोहोचायला आणि तिथून नीट परत यायला हा लेख आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: दुखणं थांबण्याचा दिवस वेगळा आणि खांदा तयार होण्याचा दिवस वेगळा. दोन्हींमध्ये कित्येक आठवडे जातात. ओळखीच्या ज्यांना ज्यांना दुसऱ्यांदा दुखापत झाली, त्यांना ती याच मधल्या काळात झाली.

१. आधी ओळखा: खांदा निखळला आहे की घासतो आहे

खांद्याचा सांधा शरीरातला सगळ्यात मोकळा सांधा. दंडाच्या हाडाचा गोल मोठा आणि त्याची खोबण उथळ, चहाच्या बशीवर लिंबू ठेवावं तशी. त्याला जागेवर धरण्याचं काम खोबणीच्या कडेची कूर्चा (लॅब्रम), भोवतालचे अस्थिबंध आणि रोटेटर कफचे चार स्नायू करतात. आपल्या खेळात या व्यवस्थेला दोन अगदी निरनिराळ्या प्रकारांनी इजा होते.

पहिला प्रकार अचानक होणारा. धारेत बोट कलंडते, तुम्ही वल्हं डोक्याच्या वर आणि मागे टाकता, पातं पाण्यात अडकतं, शरीर पुढे जातं आणि हात मागे राहतो. दंडाचा गोल पुढच्या बाजूला खोबणीबाहेर निसटतो. खांद्याची गोलाई जाऊन तिथे कोपरा दिसतो, हात हलवता येत नाही, वेदना भयंकर असते. कधी गोल निसटून आपोआप आत बसतो, आणि मग माणूस म्हणतो, ‘काही नाही, जरा लचकला.’ हासुद्धा निखळण्याचाच भाग आहे. तो डॉक्टरांना दाखवायचाच.

दुसरा प्रकार हळूहळू येणारा, घासण्याचा. तलावावर अंतर वाढवत नेलं, आठवड्यातले दिवस वाढवले आणि एक दिवस दंडाच्या बाहेरच्या बाजूला, वरच्या भागात ठणका सुरू झाला. हात बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांच्या मध्ये दुखतं, त्याच्या खाली आणि वर बरं वाटतं. त्या कुशीवर झोपता येत नाही. हे बहुतेक वेळा रोटेटर कफच्या कंडराचं (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचं) दुखणं असतं. इथे काहीही निसटलेलं नसतं. कंडरावर तिच्या ताकदीपेक्षा जास्त भार पडलेला असतो.

दुखणं मानेतून येऊन दंडावरून बोटांपर्यंत मुंग्या आणत असेल तर मूळ मानेत असू शकतं. डाव्या खांद्याच्या दुखण्याबरोबर छाती भरून येणं, घाम, धाप असं काही असेल तर खांद्याचा विचार बाजूला ठेवा आणि ताबडतोब १०८ ला फोन करा. मधुमेह असलेल्यांमध्ये खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं. म्हणून कारणाशिवाय खांदा कडक होत चालला तर ‘वल्हवल्यामुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

२. नदीकाठी पहिला तास

सहस्रधारेत बेसॉल्टच्या खडकांमधून नर्मदेच्या अनेक धारा होतात. खांदा निखळला की पहिलं काम पाण्याबाहेर येणं. वल्हं आणि बोट सोबत्यांवर सोपवा. उलटलेल्या बोटीत दीडशे-दोनशे लिटर पाणी शिरतं, म्हणजे तेवढेच किलो वजन. धारेत ती एका हाताने धरून ठेवणारा माणूस दुसरा खांदाही गमावू शकतो.

काठावर आल्यावर:

हात ज्या स्थितीत कमी दुखतो त्याच स्थितीत आधार द्या. गळ्यात झोळी बांधायला ओढणी, पंचा, काहीही चालतं. बगलेत घडी केलेला टॉवेल ठेवला की बरं वाटतं. लाइफ जॅकेट डोक्यावरून ओढून काढू नका. बाजूचे पट्टे सोडा, नाहीतर कापा.

अंगठी, कडं, बांगड्या, घड्याळ लगेच काढा. सूज आली की ते काढणं अवघड होतं.

बोटं गरम आहेत का, हलतात का, मनगटाची नाडी लागते का, आणि खांद्याच्या बाहेरच्या बाजूला हात लावलेला कळतो का, हे पाहा. तिथला बधिरपणा म्हणजे ऍक्सिलरी नसेवर ताण आलेला असू शकतो. हे निरीक्षण वेळेसह फोनवर लिहून ठेवा. खांदा बसवण्याआधी बधिरपणा होता की नंतर आला, हे डॉक्टरांना हवं असतं.

कपड्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं लावा, थेट कातडीवर नको.

काही खायला देऊ नका. खांदा बसवताना गुंगीचं औषध द्यावं लागू शकतं आणि त्यासाठी पोट रिकामं असलेलं बरं. वाटेतल्या पोह्यांचा आग्रह प्रेमाने होतो, पण त्या दिवशी तो मोडायचा.

खांदा काठावर कुणालाही ओढू देऊ नका, तो कितीही अनुभवी असला तरी. निखळलेल्या खांद्याबरोबर कधीकधी हाड मोडलेलं असतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. पण उशीरही करू नका. जितका वेळ जातो तितके स्नायू आवळतात आणि खांदा बसवणं कठीण होतं. म्हणून थेट इंदूरकडे गाडी हाकण्याआधी जवळच्या, एक्स-रे होणाऱ्या दवाखान्यात जा. महेश्वरहून मंडलेश्वर अगदी जवळ आहे. न बसवलेला खांदा घेऊन जाम घाटाच्या वळणांवरून नव्वदेक किलोमीटर येणं म्हणजे दर खड्ड्याला शिक्षा. हात बधिर किंवा थंड पडला असेल तर ही घाई आणखी महत्त्वाची.

३. पहिलवान, लेप आणि तेल

इंदूर हे आखाड्यांचं गाव. कुस्तीची इथली परंपरा मोठी आहे आणि आखाड्यांच्या आसपास हाड बसवणाऱ्यांची परंपराही आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांचा त्यांच्यावर विश्वास असतो. त्यामागे खरा अनुभव असतो, त्याची टिंगल करू नका. पण खांद्याच्या बाबतीत मी हात जोडून सांगतो: एक्स-रे झाल्याशिवाय कुणालाही हात लावू देऊ नका. आजोबांना समजावणं अवघड जात असेल तर एवढंच म्हणा, ‘आधी फोटो काढू, मग तुम्ही म्हणाल तसं.’ फोटो हातात आला की डॉक्टरच त्यांच्याशी बोलतात आणि प्रश्न मिटतो.

पहिल्या दोन-तीन दिवसांत गरम तेलाचं मालिश आणि शेक टाळा, सूज वाढते. घासण्याच्या जुन्या दुखण्यात मात्र व्यायामाआधी हलका शेक घेतला तर काही बिघडत नाही, उलट हात मोकळा होतो.

४. डॉक्टरांकडे जाताना

कागदपत्रांची एक पिशवी करा:

आधार कार्ड; आयुष्मान कार्ड किंवा मेडिक्लेमचं कार्ड
पहिल्या दवाखान्याचा कागद, खांदा बसवण्याआधीचे आणि नंतरचे दोन्ही एक्स-रे (फिल्म नसेल तर निदान फोनमध्ये फोटो)
चालू औषधांची यादी: मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणारी गोळी
कोणत्या औषधाची ऍलर्जी आहे ते
दुखापत कशी झाली याच्या चार ओळी: हात कुठे होता, वल्हं कुठे अडकलं, आवाज आला का
स्पर्धेत उतरत असाल तर पुढच्या स्पर्धेची तारीख

त्या चार ओळी फार उपयोगी पडतात. ‘बोटिंग करताना लागलं’ एवढंच सांगितलं तर डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर सहलीची नाव येते. कयाकमध्ये माणूस बसलेला असतो, कंबरेतून वळतो आणि तासाभरात हजारो वेळा वल्हं ओढतो, हे सांगा. फोनवर एखाद्या मिनिटाचा व्हिडिओ दाखवलात तर आणखी चांगलं.

इंदुरात सरकारी व्यवस्थेत एम. वाय. हॉस्पिटल आहे, एम. जी. एम. मेडिकल कॉलेजशी जोडलेलं; तिथे अस्थिरोग विभाग आहे. खासगी डॉक्टर निवडताना खांद्याचं काम नियमित करणारा अस्थिरोगतज्ज्ञ पाहा आणि फिजिओथेरपिस्ट वेगळा शोधा. खरं सांगायचं तर पुढचे काही महिने तुम्ही जास्त वेळ फिजिओसमोरच असणार आहात. म्हणून तो घरापासून जवळ असलेला बरा. सुदामा नगरात राहून विजय नगरला आठवड्यातून तीनदा जायचं ठरवलं की दुसऱ्या आठवड्यात खाडे सुरू होतात.

एमआरआयबद्दल. पहिल्यांदा घासण्याचं दुखणं सुरू झालं असेल तर लगेच एमआरआयची गरज बहुधा नसते. हाताने केलेल्या तपासणीतून बरंच कळतं. वय चाळिशीपुढे असेल आणि निखळल्यानंतर किंवा पडल्यानंतर आठवडा-दोन आठवड्यांनीही हात स्वतःच्या ताकदीने वर जात नसेल, तर रोटेटर कफ फाटला आहे का हे सोनोग्राफी किंवा एमआरआयने पाहणं टाळू नका. तरुणांमध्ये प्रश्न उलटा असतो: कफ शाबूत राहतो, पण लॅब्रम फाटतं आणि खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता खूप वाढते. विशीच्या आतल्यांमध्ये ती सगळ्यात जास्त. म्हणून तुमच्या मुलाचा किंवा मुलीचा खांदा पहिल्यांदाच निखळला असेल, तरी शस्त्रक्रियेचा विषय डॉक्टरांशी तेव्हाच बोला, दुसऱ्यांदा निखळायची वाट पाहू नका.

डॉक्टरांना हे विचारा: हाडाची कड तुटली आहे का? झोळी किती दिवस, आणि रात्री झोपताना ठेवायची का? हात कोणत्या दिशेला न्यायचा नाही? फिजिओ कधी सुरू करायचं? उत्तरं तिथेच लिहून घ्या.

विम्याचा एक सापळा. आपल्याकडच्या आरोग्य विमा पॉलिसींमध्ये साहसी खेळांत व्यावसायिक म्हणून भाग घेताना झालेली इजा वगळणारं प्रमाणित कलम असतं आणि त्यात राफ्टिंगचं नाव उदाहरणादाखल येतं. तुम्ही हौशी असाल तर ‘हौसेखातर कयाकिंग करताना’ असं कागदावर स्पष्ट आणि खरं लिहिलेलं असू द्या. प्रशिक्षक किंवा मार्गदर्शक म्हणून पैसे घेत असाल तर पॉलिसी आजच काढून वाचा.

५. इंजेक्शन आणि गोळ्या

दुखण्यावर स्टिरॉइडचं इंजेक्शन काही वेळा सुचवलं जातं. त्याने काही आठवडे आराम पडतो आणि तेवढ्या वेळात व्यायाम करता आला तर फायदा होतो. पुन्हापुन्हा घेतलेली इंजेक्शनं कंडराला कमकुवत करू शकतात. आराम पडल्या पडल्या तलावावर पळालात तर तोही फायदा गेला.

राष्ट्रीय किंवा विद्यापीठ पातळीवर खेळणाऱ्यांनी हे नीट वाचा. १ जानेवारी २०२२ पासून ‘वाडा’च्या (जागतिक उत्तेजक-विरोधी संस्थेच्या) नियमांनुसार ग्लुकोकॉर्टिकॉइडचं, म्हणजे याच स्टिरॉइडचं, कोणत्याही मार्गाने दिलेलं इंजेक्शन स्पर्धाकाळात निषिद्ध आहे, खांद्याच्या सांध्यात दिलेलंसुद्धा. औषध शरीरातून जायला वेळ लागतो. म्हणून इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना स्पर्धेची तारीख सांगा आणि गरज असेल तर ‘नाडा’कडे (राष्ट्रीय उत्तेजक-विरोधी संस्थेकडे) वैद्यकीय सवलतीचा अर्ज करा. प्रशिक्षकाला माहीत असेलच असं धरून चालू नका. जबाबदारी खेळाडूची मानली जाते.

वेदनाशामक गोळी घेऊन वल्हवायला जाऊ नका. गोळी थांबण्याची खूण पुसून टाकते.

६. घरातले आठवडे

निखळलेल्या खांद्याला झोळी साधारण एक ते तीन आठवडे असते, शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा. या काळात बोटं, मनगट, कोपर दिवसातून अनेकदा हलवत राहा. झोळी सांगितल्यापेक्षा जास्त दिवस ठेवणं सुरक्षित वाटतं, पण त्याने खांदा आखडतो.

झोपायला पाठीवर, दंडाखाली उशीची घडी, म्हणजे कोपर मागे पडत नाही. आंघोळीनंतर सदरा घालताना आधी दुखरा हात, काढताना तो शेवटी. समोर बटणं असलेले कपडे काढून ठेवा. दोरीवर कपडे वाळत घालणं, माळ्यावरचा डबा काढणं, केस वर बांधणं ही कामं घरात वाटून द्या. बायकांना हे सांगावं लागतं, कारण घर त्यांना सुटी देत नाही. आणि ऍक्टिव्हा. इंदूरच्या रस्त्यावर झोळी खिशात घालून एका हाताने गाडी चालवणारे मी पाहिले आहेत. अचानक ब्रेक लावला की हँडलचा पूर्ण झटका त्याच खांद्यावर येतो. फिजिओ हो म्हणेपर्यंत रिक्षा, बस किंवा पाय.

७. ताकद परत आणणं

साहित्य फार लागत नाही: दोन वेगळ्या ताणाचे रबरी बँड, एक नॅपकिन, अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या, एक काठी. बँड खिडकीच्या गजाला बांधता येतो.

क्रम फिजिओ ठरवेल. ढोबळ रूप असं असतं: आधी टेबलाला टेकून वाकून हात लंबकासारखा सैल झुलवणं आणि काठीच्या मदतीने हात उचलणं. मग हालचाल न करता भिंतीवर जोर देणं. मग बँड. कोपर बरगडीला लावून, मध्ये नॅपकिनची गुंडाळी धरून, हात बाहेरच्या बाजूला फिरवणं हा आपल्या खेळाचा सगळ्यात महत्त्वाचा व्यायाम आहे. वल्हवताना छातीचे आणि खांदा आत फिरवणारे स्नायू भरपूर काम करतात. बाहेर फिरवणारे मागे पडतात आणि गोल खोबणीच्या मध्यावर धरून ठेवण्याचं काम बिघडतं.

त्याच्या जोडीला फऱ्याचे (पाठीवरच्या, खांद्यामागच्या चपट्या हाडाचे) व्यायाम: बँड पोटाकडे ओढताना फरे एकमेकांकडे आणणं, आणि भिंतीवर दंड काढताना शेवटी फरे पुढे ढकलणं. फरा हा खोबणीचा पाया आहे. तो हलतडुलत असेल तर कफने कितीही ताकद लावली तरी उपयोग नाही.

किती दुखलं तर चालेल? घासण्याच्या दुखण्यात साधारण मानला जाणारा नियम असा: दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत झालं तर चालतं. त्याहून जास्त झालं तर पुढच्या वेळी बँड हलका करा किंवा आवर्तनं कमी करा, व्यायाम बंद करू नका. कंडराला किमान बारा आठवडे द्या. चौथ्या-पाचव्या आठवड्यात ‘काहीच फरक नाही’ असं वाटून सोडून देणारे खूप असतात, आणि तेच पुढच्या वर्षी पुन्हा तेच दुखणं घेऊन येतात. हे वाचून तरी सोडू नका.

निखळलेल्या खांद्यात हा नियम लागू नाही. तिथे हात वर आणि मागे नेताना ‘आता निसटेल’ अशी धास्ती वाटते. ती खरी खूण आहे. धाडस म्हणून ती दाबू नका, फिजिओला सांगा.

८. पाण्यात कधी उतरायचं

तारीख बघून उतरू नका. या गोष्टी जमल्या पाहिजेत: दोन्ही हात सगळ्या दिशांना सारखे जातात, बाहेर फिरवण्याची ताकद चांगल्या बाजूच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे (फिजिओ मोजून देतो), त्या कुशीवर रात्रभर झोप लागते, दंड काढताना धास्ती वाटत नाही. निखळलेल्या खांद्याला शस्त्रक्रियेशिवाय इथवर यायला बहुधा तीन महिने किंवा जास्त लागतात, शस्त्रक्रियेनंतर धारेत उतरायला सहा महिन्यांच्या आसपास.

मग पायऱ्या. सपाट पाण्यात, वारा नसताना, वीसेक मिनिटं, दिवसाआड. बोट एकट्याने उचलायची नाही, हे पहिल्या दिवसापासून. पुढे सरळ वल्हवणं वेळेने वाढवा, मग जोराने. दोन्ही एकाच आठवड्यात नको. नंतर वळणं, मग लो ब्रेस (तोल जाताना पातं पाण्यावर खाली टेकवून सावरणं), मग तरणतलावात रोल (उलटलेली बोट आत बसूनच सुलटी करणं). धार सगळ्यात शेवटी. एक पायरी चढल्यावर दुसऱ्या सकाळी खांदा कुरकुरला तर खालच्या पायरीवर आठवडा काढा.

९. वल्हवण्याची पद्धत बदला

खांदा बरा होऊन जुन्याच पद्धतीने वल्हवलं तर इतकी मेहनत पाण्यात. छाती, दोन दंड आणि वल्हं मिळून समोर एक चौकट होते. ही चौकट मोडू द्यायची नाही. मागे पातं टाकायचं असेल तर सगळं धड तिकडे वळवा. हात एकटा मागे जाता कामा नये. छाती वल्ह्याकडे बघत असेल तर खांदा सुरक्षित.

ओढ पायांपासून सुरू होते: पाय फूटरेस्टवर दाबा, कंबर फिरवा, हात फक्त जोडणारा दुवा. फूटरेस्ट सैल असेल तर सगळा भार खांद्यावर येतो, म्हणून दरवेळी बसल्यावर तो तपासा. ज्यांच्या पायांत जोर मर्यादित आहे त्यांनी धडाच्या ताकदीवर आणि आसनाच्या बांधणीवर आणखी लक्ष द्यायला हवं. त्यांनी हा खेळ आपला नाही असं मात्र समजू नये; आपल्याच ग्वाल्हेरच्या प्राची यादवने २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत कयाकमध्ये सुवर्ण जिंकलं आहे.

ब्रेससाठी लो ब्रेसची सवय लावा: कोपरं वल्ह्याच्या वर, पात्याची पाठ पाण्यावर. हाय ब्रेस (वल्हं वर धरून सावरणं) करावाच लागला तर हात हनुवटीच्या वर जाऊ देऊ नका आणि कोपरं शरीराजवळ ठेवा. रोलमध्ये डोकं शेवटी वर येतं, कोपर बरगडीला चिकटलेलं असतं आणि जोर कमरेचा असतो. मागे झोपून संपणारा रोल सोपा वाटतो, पण खांदा उघडा पडतो. पहिलाच रोल शिकत असाल तर पुढे वाकून संपणारा शिका.

वल्हं गच्च धरू नका. ते फार लांब असेल तर प्रत्येक ओढीला खांद्यावरचा भार वाढतो, म्हणून नवीन घेण्याआधी दोन-तीन लांबींची वल्ही वापरून पाहा. थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, काठावरच दहा मिनिटं बँड ओढून अंग गरम करा.

१०. सोबत्यांना सांगा

धारेत उतरण्याआधी गटातल्या निदान दोघांना सांगा की कोणता खांदा, केव्हा निखळला होता, आणि पुन्हा निखळला तर कुणी ओढायचा नाही. ड्राय बॅगमध्ये तिकोनी पट्टी, टॉवेल, पट्टे कापायची कात्री, जुन्या रिपोर्टची एक प्रत आणि घरच्या माणसाचा फोन नंबर ठेवा. बॅग तुमच्या बोटीत ठेवू नका, सोबत्याच्या बोटीत ठेवा. गरज पडेल तेव्हा तुमची बोट उलटलेली असेल.